भारतीय बँकांमधील नोकरकपातीची भीती

भारतीय बँकांमधील नोकरकपातीची भीती म्हणजे यंत्रीकरण, स्वेच्छानिवृत्ती योजना, विलीनीकरण, खासगीकरण किंवा बँक बुडणे यांमुळे आपली नोकरी जाईल, अशी बँक कर्मचाऱ्यांमध्ये वेळोवेळी पसरलेली चिंता होय. १९६०च्या दशकातील संगणकविरोधी आंदोलनापासून २०२० मधील बँकांच्या महाविलीनीकरणापर्यंत या चिंतेने कामगार संघटनांचे धोरण, वेतनकरार आणि न्यायालयीन निवाडे यांवर प्रभाव टाकलेला आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी कायम कर्मचाऱ्यांची सरसकट कपात केलेली नाही. मात्र स्वेच्छानिवृत्ती, रिक्त जागा न भरणे, दूरच्या बदल्या आणि कंत्राटी नेमणुका या मार्गांनी मनुष्यबळ घटत व बदलत गेले. यांतील बहुतेक मार्ग कायद्याच्या भाषेत 'कपात' ठरत नाहीत. म्हणूनच सरकारने व बँकांनी दिलेले 'कोणाचीही नोकरी जाणार नाही' हे आश्वासन शब्दशः पाळले गेले, तरी कर्मचाऱ्यांची भीती निराधार होती असे म्हणता येत नाही.

संज्ञा

वृत्तपत्रांत व बोलण्यात नोकरकपातीसाठी 'ले-ऑफ' हा शब्द सर्रास वापरला जातो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांचा तुटवडा, यंत्रातील बिघाड अशा कारणांनी हजेरीपटावरील कामगाराला तात्पुरते काम देता न येणे, म्हणजे ले-ऑफ. कारखान्यांसाठी बेतलेली ही तरतूद बँकेच्या शाखेला क्वचितच लागू पडते. नोकरी कायमची संपवण्याला कायदा 'रिट्रेंचमेंट' म्हणतो. मराठीत त्यासाठी 'कामगार कपात' किंवा 'नोकरकपात' हे शब्द रूढ आहेत.

कपातीच्या व्याख्येतून काही गोष्टी स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती, नियत वयोमानानुसार निवृत्ती, दीर्घ आजारपणामुळे सेवासमाप्ती आणि मुदतीच्या कराराचे नूतनीकरण न होणे यांना कपात समजले जात नाही. बँकांच्या बाबतीत यांतील पहिला आणि शेवटचा अपवाद विशेष महत्त्वाचा ठरला.

व्यवस्थापनशास्त्रात या चिंतेला 'नोकरीविषयक असुरक्षितता' म्हणतात. लिओनार्ड ग्रीनहाल्घ आणि झेहावा रोझेनब्लॅट यांनी १९८४ मधील आपल्या लेखात धोक्याची तीव्रता व त्या धोक्यापुढील हतबलता या दोन्हींना तिचे घटक मानले. पुढील अभ्यासकांनी तिचे दोन प्रकार केले: नोकरीच जाण्याची भीती, आणि नोकरी टिकली तरी तिच्यातील पद, ठिकाण, बढती किंवा कामाचे स्वरूप हिरावले जाण्याची भीती. भारतीय सार्वजनिक बँकांत आढळणारी चिंता बहुतांशी दुसऱ्या प्रकारची आहे. खासगी व सहकारी बँकांत पहिला प्रकार अधिक दिसतो.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत बँकेतील नोकरी आजच्याइतकी सुरक्षित नव्हती. लहान खासगी बँका वरचेवर बुडत असत. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बंद पडल्यानंतर कमकुवत बँका मोठ्या बँकांत विलीन करण्याचे धोरण वेगाने राबवले गेले. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना (एआयबीईए) १९४६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली. १९५३चा शास्त्री निवाडा, १९६२चा देसाई निवाडा आणि १९६६चा पहिला द्विपक्षीय करार यांतून बँक कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती देशभर एकसारख्या होत गेल्या.

१९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखांचा विस्तार व मोठी नोकरभरती यांमुळे 'बँकेतली नोकरी' हा मध्यमवर्गीय कुटुंबांत स्थैर्याचा पर्यायी शब्द बनला. महाराष्ट्रात हे विशेषत्वाने जाणवले, कारण स्टेट बँक, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, युनियन बँक व देना बँक यांची मुख्यालये मुंबईत आणि बँक ऑफ महाराष्ट्रचे पुण्यात होते. नोकरीकडून असलेली अपेक्षाच एवढी मोठी असल्याने तिला लागणारा लहान धक्काही मोठा वाटे.

यंत्रीकरण व संगणकीकरण

वित्तक्षेत्रातील यंत्रविरोधाची सुरुवात बँकांत नव्हे, तर आयुर्विमा महामंडळात झाली. १९६०च्या दशकात महामंडळाने संगणक आणण्याचे ठरवले, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी विशेषतः कलकत्त्यात दीर्घ आंदोलन केले. एका यंत्रामुळे किती कारकून अतिरिक्त ठरतील, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर पुण्यातील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला.

बँकांत त्या वेळी खतावणी हाताने लिहिली जात असे. खातेदाराचे पान काढणे, नोंद करणे, व्याज मोजणे आणि दिवसअखेर मेळ बसवणे हे कारकुनी कामाचे मुख्य अंग होते. व्याजाची सहामाही आकारणी आणि वार्षिक ताळेबंद या काळात कर्मचारी रात्री उशिरापर्यंत थांबत. नेमके हेच काम यंत्र करू शकत असल्याने कारकून वर्गाला धोका सर्वाधिक जाणवला.

८ सप्टेंबर १९८३ रोजी भारतीय बँक संघ (आयबीए) आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. १९८७ व १९९३ मध्ये त्यापुढील करार झाले. या करारांनी यंत्रांचा प्रकार, संख्या व वापर यांवर मर्यादा घातल्या आणि यंत्र चालवणाऱ्यांसाठी विशेष भत्ता ठरवला. ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे बँकेच्या बोलीत 'एएलपीएम', हे यंत्र याच काळात शाखांमध्ये आले. रिझर्व्ह बँकेच्या वतीने सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये यंत्रीकरणाचा, तर त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने १९८९ मध्ये संगणकीकरणाचा आराखडा मांडला. संघटनांमध्ये याबाबत एकमत नव्हते. नोकऱ्यांची हमी घेऊन टप्प्याटप्प्याने यंत्रे स्वीकारावीत असे एका गटाला वाटे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बँक कर्मचारी महासंघाची (बेफी) भूमिका अधिक कठोर होती. मुंबईत या वादाला आणखी एक छाया होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगारांची कायमची नोकरी डोळ्यांदेखत गेली होती आणि गिरणगावातील अनेक कुटुंबांत एक भाऊ गिरणीत, तर दुसरा बँकेत असे.

संगणकीकरणाचा निर्णायक रेटा १९९८ मध्ये आला. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी भ्रष्टाचार प्रतिबंधाच्या अधिकारात सार्वजनिक बँकांना आदेश दिला, की १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकीकृत असावा. वाटाघाटींच्या टेबलावर दीड दशक रेंगाळलेला विषय दक्षता यंत्रणेच्या आदेशाने पुढे सरकला, ही या इतिहासातील एक विलक्षण बाब आहे. त्यानंतर कोअर बँकिंग प्रणाली आली आणि खतावणी शाखेतून नाहीशी झाली.

यंत्रीकरणामुळे कोणत्याही सार्वजनिक बँकेत कायम कारकुनांना घरी बसवण्यात आले नाही. परंतु निवृत्त होणाऱ्या कारकुनांच्या, शिपायांच्या व दफ्तरींच्या जागा पूर्वीच्या प्रमाणात भरल्या गेल्या नाहीत आणि एकूण मनुष्यबळात अधिकाऱ्यांचा वाटा वाढत गेला. म्हणजे यंत्राने नोकरी घेतली ती प्रामुख्याने अद्याप नोकरीला न लागलेल्यांची. त्यांच्या वतीने करार करणारी संघटना अर्थातच नव्हती.

कायदेशीर स्थिती

औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २५-फ नुसार एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची असल्यास एक महिन्याची नोटीस (किंवा त्याऐवजी वेतन) आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागत असे. शेवटी आलेल्यास प्रथम कमी करणे आणि पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना प्राधान्य देणे हीही तत्त्वे कायद्यात होती. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट मात्र कारखाने, खाणी व मळे यांनाच लागू होती. बँका तिच्या कक्षेत नव्हत्या. 'सरकारच्या परवानगीशिवाय बँक कोणाला काढू शकत नाही' हा कर्मचाऱ्यांमधील प्रचलित समज या कायद्यावर आधारलेला नाही. बँकांतील खरे संरक्षण द्विपक्षीय करार, संघटनांचे बळ आणि सरकारी मालकी यांतून आलेले आहे.

यंत्रसामग्री किंवा कार्यपद्धतीत कपातीस कारण ठरू शकेल असा बदल करण्यापूर्वी कलम ९-अ प्रमाणे २१ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक होती. संगणकीकरणाच्या वाटाघाटींना या तरतुदीचा आधार मिळाला. संसदेने २०२० मध्ये संमत केलेली औद्योगिक संबंध संहिता ही १९४७च्या अधिनियमाची जागा घेणारी आहे.

कपातीच्या व्याख्येवरील एक महत्त्वाचा निवाडा बँकेच्याच प्रकरणात झाला. स्टेट बँकेत तुकड्यातुकड्यांनी तात्पुरत्या नेमणुका मिळालेल्या एका रोखपालाची शेवटची नेमणूक अवघ्या नऊ दिवसांची होती आणि ती मुदत संपताच आपोआप संपली. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध एन. सुंदरमणी (१९७६) या खटल्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी असे ठरवले, की नियोक्त्याने कोणत्याही कारणाने सेवा संपवणे म्हणजे कपातच. मुदत आदेशातच लिहिलेली होती, एवढ्याने सुटका होत नाही. १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कराराचे नूतनीकरण न होणे व्याख्येतून वगळण्यात आले आणि या निवाड्याचा लाभ बराच आकुंचला.

बँक अधिकारी सामान्यतः 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकांतील अधिकाऱ्यांना १९७९च्या सेवा विनियमांनुसार ५५ वर्षे वय किंवा ३० वर्षे सेवा झाल्यावर पुनरावलोकन करून मुदतपूर्व निवृत्त करता येते. ही तरतूद क्वचित वापरली जात असली, तरी तिच्या पुनरावलोकनाविषयी परिपत्रक निघाले की अधिकाऱ्यांमध्ये अस्वस्थता पसरते. सार्वजनिक बँका राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ नुसार 'राज्य' असल्याने त्यांचे कर्मचारी मनमानी कारवाईविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकतात. खासगी बँकेच्या कर्मचाऱ्याला हा मार्ग सहसा उपलब्ध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेडरल बँक विरुद्ध सागर थॉमस (२००३) या प्रकरणात स्पष्ट केले.

स्वेच्छानिवृत्ती योजना, २०००

पहिल्या नरसिंहम समितीच्या १९९१ मधील अहवालापासून सार्वजनिक बँकांची नफाक्षमता हा धोरणाचा विषय झाला. १९९८ मधील दुसऱ्या समितीने अतिरिक्त मनुष्यबळाचा प्रश्न उघडपणे मांडला. १९९९ मध्ये एम. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने इंडियन बँक, यूको बँक आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया या तीन दुर्बल बँकांसाठी किमान २५ टक्के कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने कमी करण्याची शिफारस केली. या आकड्याने तिन्ही बँकांबाहेरही खळबळ उडाली.

ऑगस्ट २००० मध्ये सरकारच्या संमतीनंतर भारतीय बँक संघाने सर्व सार्वजनिक बँकांसाठी योजनेचा नमुना प्रसृत केला. १५ वर्षे सेवा झालेले किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण केलेले कायम कर्मचारी तिला पात्र होते. सानुग्रह रक्कम सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांपैकी कमी असेल तेवढी मिळणार होती. तिचा काही भाग रोख्यांच्या स्वरूपात देण्याची मुभा बँकांना होती. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी किंवा निवृत्तिवेतन आणि शिल्लक रजेचे पैसे हे लाभ वेगळे होते. कर्मचाऱ्यांच्या बोलीत ही योजना 'व्हीआरएस' या आद्याक्षरांनीच ओळखली जाते आणि 'व्हीआरएस घेतली' हा प्रयोग मराठीत रूढ झाला, तो मुख्यतः याच काळात.

मार्च २००१ पर्यंत सुमारे १ लाख कर्मचाऱ्यांनी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दहा टक्क्यांहून अधिक लोकांनी, निवृत्ती पत्करली. हा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा मोठा होता. त्यामागे केवळ रकमेचे आकर्षण नव्हते. आज ही योजना नाकारली तर उद्या याहून वाईट अटींवर जावे लागेल, बँक खासगी होईल, संगणक न शिकल्यास दूर बदली होईल, अशा शंका निर्णयाआड होत्या. नाव स्वेच्छेचे असले, तरी अनेकांच्या बाबतीत निवड भीती आणि हिशेब यांच्या मिश्रणातून झाली. अधिकाऱ्यांचे अर्ज प्रमाणाबाहेर आल्याने आणि अनुभवी माणसे एकाच वेळी गेल्याने बँकांची अडचण झाली. ग्रामीण शाखांत मनुष्यबळाची टंचाई जाणवू लागली. अतिरिक्त ठरवलेल्या वर्गापेक्षा बाहेर काम मिळू शकणारा वर्ग अशा योजनांत आधी बाहेर पडतो, हा अनुभव इतर उद्योगांतही आलेला आहे.

अर्ज केलेल्यांपैकी काहींनी विचार बदलला आणि अर्ज परत मागितला. योजनेतील कलमानुसार एकदा केलेला अर्ज मागे घेता येत नव्हता, म्हणून बँकांनी नकार दिला व निवृत्ती स्वीकारल्याची पत्रे पाठवली. देशभरातील उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाल्या. बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ही योजना वैधानिक नसून कराराच्या स्वरूपाची आहे. योजना जाहीर करणे हे प्रस्तावासाठी निमंत्रण आणि कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव होय; बँकेने तो स्वीकारण्यापूर्वी भारतीय करार अधिनियमाप्रमाणे तो मागे घेता येतो. मात्र ज्यांनी योजनेतील रक्कम स्वीकारून वापरली, त्यांना नंतर माघार घेता येणार नाही. स्टेट बँकेच्या योजनेत अर्ज मागे घेण्यासाठी स्वतंत्र मुदत दिलेली असल्याने तिच्याबाबत निकाल वेगळा लागला.

निवृत्तिवेतनाचा वाद आणखी काही वर्षे चालला. २० वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्यास पेन्शन विनियमांनुसार पाच वर्षांपर्यंत वाढीव सेवेचा लाभ मिळतो. तो या योजनेतील निवृत्तांना देण्यास बँकांनी नकार दिला होता. बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास (२००९) या निकालाने पात्र निवृत्तांना तो मिळाला. दरम्यान एकरकमी पैशावर जगण्याचा हिशेब अनेकांना अवघड गेला. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ योजनेतील खरेदी-विक्री स्थगित केली आणि पुढील दोन-तीन वर्षांत ठेवींवरील व्याजदर लक्षणीय घसरले.

योजनेनंतरचे दशक भरतीच्या दृष्टीने कोरडे गेले. बँकिंग सेवा भरती मंडळे २००१ मध्ये बरखास्त झाली. सामाईक परीक्षेद्वारे मोठी भरती इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन (आयबीपीएस) मार्फत २०११ पासून सुरू झाली. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू आहे. त्यामुळे एकाच काउंटरवर बसणाऱ्या दोन पिढ्यांसाठी नोकरी सोडण्याचा अर्थ सारखा राहिलेला नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये स्टेट बँकेने नव्या स्वेच्छानिवृत्ती योजनेचा प्रस्ताव तयार केल्याचे उघड झाले. २५ वर्षे सेवा किंवा ५५ वर्षे वय पूर्ण केलेले सुमारे ३० हजार कर्मचारी तिला पात्र ठरणार होते. करोना साथीच्या काळात आलेल्या या वृत्तावर टीका झाल्यावर बँकेने हा खर्चकपातीचा उपाय नसल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी १४ हजार जणांच्या भरतीचा मनोदय जाहीर केला.

विलीनीकरण

बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ४५ नुसार अडचणीतील बँकेचे सक्तीचे विलीनीकरण करताना तिच्या कर्मचाऱ्यांना पूर्वीच्याच वेतनावर व अटींवर सामावून घेण्याची तरतूद योजनेत असते. 'कामगार' नसलेल्या काहींची नावे मात्र योजनेत नमूद करून त्यांना वगळता येते. १९८०च्या दशकात हिंदुस्तान कमर्शियल बँक, बँक ऑफ कोचीन आणि लक्ष्मी कमर्शियल बँक या अनुक्रमे पंजाब नॅशनल बँक, स्टेट बँक आणि कॅनरा बँक यांत विलीन झाल्या, तेव्हा अशा याद्यांतून शंभराहून अधिक जणांची नोकरी गेली. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले नव्हते. के. आय. शेफर्ड विरुद्ध भारत सरकार (१९८७) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरवले आणि वगळलेल्यांना सेवेतील सलगता व वेतनासह परत घेण्याचा आदेश दिला. नंतर सुनावणी देऊ, हा युक्तिवादही न्यायालयाने मान्य केला नाही. एकदा निर्णय झाल्यावर होणारी सुनावणी खुल्या मनाने होत नाही, असा त्याचा रोख होता.

महाराष्ट्रातील दोन जुन्या खासगी बँका अशाच काळजीच्या वातावरणात इतिहासजमा झाल्या. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. १९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. जिल्ह्याच्या गावी मुख्यालय असलेल्या बँकेत आयुष्य काढलेल्यांना आता महानगरातील व्यवस्थापन आणि विक्रीच्या उद्दिष्टांवर चालणारी कार्यसंस्कृती यांच्याशी जुळवून घ्यायचे होते. २०१० मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या कर्मचाऱ्यांनी आयसीआयसीआय बँकेतील विलीनीकरणाविरुद्ध संप केला, तरीही ते झाले.

१ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक स्टेट बँकेत, १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना या बँका बँक ऑफ बडोदात, आणि १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांचे विलीनीकरण होऊन चार बँका झाल्या. या प्रक्रियेत सार्वजनिक बँकांची संख्या २७ वरून १२ वर आली. ३० ऑगस्ट २०१९च्या घोषणेनंतर दोनच दिवसांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईत, विलीनीकरणामुळे एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नाही, असे आश्वासन दिले. एआयबीईए व बेफी यांनी २२ ऑक्टोबर २०१९ रोजी संप केला.

आश्वासन पाळले गेले. पण एकाच चौकात समोरासमोर असलेल्या दोन शाखा एक झाल्या, की शाखाधिकाऱ्याचे एक पद संपते. प्रादेशिक कार्यालये एकत्र झाली, की वरिष्ठ पदे कमी होतात. विलीन बँकेतील अधिकाऱ्यांना एकत्रित ज्येष्ठता यादीतील आपल्या क्रमाची, नव्या संगणक प्रणालीची आणि परभाषिक राज्यातील बदलीची काळजी होती. ज्यांच्या घरी शाळकरी मुले किंवा वृद्ध आईवडील आहेत, अशांसाठी दूरची बदली ही नोकरी सोडण्याची छुपी सूचना ठरू शकते. बँकेचे नाव पुसले जाण्याचे दुःख हा याचाच एक भाग होता. आर्थिक विश्लेषणात त्याची क्वचितच नोंद होते.

१ फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात दोन सार्वजनिक बँकांच्या खासगीकरणाचा इरादा जाहीर झाला. त्याविरुद्ध नऊ संघटनांच्या संयुक्त मंचाने (यूएफबीयू) १५ व १६ मार्च आणि १६ व १७ डिसेंबर २०२१ रोजी देशव्यापी संप केले.

खासगी, परदेशी व सहकारी बँका

१९९०च्या दशकात स्थापन झालेल्या नव्या खासगी बँकांत संघटना जवळजवळ नाहीत आणि सेवा नियुक्तिपत्रातील नोटीस कालावधीवर अवलंबून असते. येथे कपात जाहीर होण्याऐवजी उद्दिष्टे वाढवणे, मूल्यांकनात खालची श्रेणी देणे आणि राजीनामा मागून घेणे ही पद्धत अधिक दिसते. राजीनामा ही कागदोपत्री स्वतःची कृती असल्याने त्यावर दाद मागणे अवघड जाते. रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार २०२३-२४ मध्ये खासगी बँकांतील कर्मचारीसंख्या सार्वजनिक बँकांपेक्षा जास्त झाली. त्याच वेळी त्यांच्यातील नोकरी सोडण्याचे सरासरी प्रमाण वार्षिक २५ टक्क्यांच्या आसपास होते. यात अधिक चांगली नोकरी मिळाल्याने गेलेले आणि दबावामुळे गेलेले यांची वेगळी मोजदाद नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचना योजनेत कर्मचाऱ्यांना पूर्वीच्या अटींवर किमान एक वर्ष सेवेची हमी देण्यात आली होती. राष्ट्रीयीकृत बँकेतील कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही हमी अत्यल्प, तर खासगी क्षेत्राच्या मानाने बरीच म्हणावी लागेल.

परदेशी बँकांची तंत्रज्ञान व प्रक्रिया केंद्रे पुणे, मुंबई, बंगळूर व चेन्नई येथे मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यांच्यावरील निर्णय दूरच्या मुख्यालयांत होतात. मार्च २०२३ मध्ये यूबीएसने क्रेडिट स्विस ताब्यात घेण्याचे जाहीर केले, तेव्हा दोन्ही बँकांची केंद्रे पुण्यात होती आणि एकसारखे काम करणारे दोन चमू एका संस्थेत आले. जानेवारी २०२४ मध्ये सिटीग्रुपने जगभरात २० हजार पदे कमी करण्याचा मानस जाहीर केला. अशा घोषणांत देशनिहाय विभागणी सहसा दिलेली नसते, त्यामुळे पुण्यातील कर्मचाऱ्याला आपण त्या आकड्यात आहोत की नाही, हे कळायला अनेक महिने लागतात.

नागरी सहकारी बँकांतील कर्मचाऱ्यांची स्थिती सर्वांत नाजूक आहे. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधल्या साडेनऊ वर्षांत ठेवीदारांच्या रांगेला तोंड देणारे कर्मचारी स्वतःही अनिश्चिततेत होते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध लादले गेले; जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. अशा बँकांतील कर्मचारी अनेकदा त्याच बँकेचे ठेवीदार, भागधारक व कर्जदारही असतात आणि नातलगांच्या ठेवीही त्यांच्याच शब्दावर आलेल्या असतात. ठेव विम्याचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठेवींना आहे, पगाराला नाही.

कंत्राटी कर्मचारी

सुरक्षा, सफाई, एटीएममधील रोख भरणा, वसुली आणि कर्जविक्री ही कामे बहुतांश बाह्य कंत्राटदारांकडे गेली आहेत. ग्रामीण भागात 'बँक मित्र' म्हणून ओळखले जाणारे व्यवसाय प्रतिनिधी खाती उघडतात व रोख रक्कम देतात-घेतात. त्यांना दलाली मिळते, वेतन नाही. अनेक ठिकाणी त्यांचा करार बँकेशी नसून मध्यस्थ कंपनीशी असतो. कंपनी बदलली की करार संपतो आणि नव्या कंपनीकडे पुन्हा अर्ज करावा लागतो. १९८४च्या दुरुस्तीनंतर मुदतीचा करार नव्याने न होणे कपातीत मोडत नाही. पूर्वी शाखेत कायम असलेला सफाई कर्मचारी, पहारेकरी किंवा शिपाई ज्या जागेवर निवृत्त झाला, तेथे आता अशाच कराराने आलेली व्यक्ती काम करते आणि बँकेच्या कर्मचारीसंख्येत तिची गणना होत नाही.